मोगऱ्याला कळी नाही, किंवा कळी येऊन गळते: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

होळी झाली की माझ्याकडे मोगऱ्याचे फोटो यायला लागतात. सोसायटीतून, नात्यातून, नात्यातल्यांच्या शेजाऱ्यांकडून. फोटोखाली प्रश्न ठरलेला: "खत कोणतं घालू?" मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे मोगरे नीट करत आले आहे, आणि त्यातल्या फार थोड्या झाडांना खरोखर खत हवं होतं. म्हणून या लेखात खताचा नंबर पाचवा आहे. तिथवर जायची वेळ बहुतेकांवर येणार नाही.

आधी लक्षण नेमकं पकडा

तुमच्या झाडाला यातलं काय लागू पडतं ते बघा:

- झाड हिरवंगार, पानं मोठी, फांद्या लांबलचक, पण कळी एकही नाही.
- कळ्या धरतात, पण ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच सुकून गळतात.
- कळ्या फुगतात, जांभळट होतात, उमलत नाहीत. फांदी हलवली की खाली पडतात.
- कोवळी पानं पिवळी, त्यातल्या शिरा मात्र हिरव्या.
- पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, झाड धुळकट दिसतं.
- झाड मान टाकतं आणि पाणी देऊनही दुसऱ्या सकाळी उभं राहत नाही.

"कळीच येत नाही" आणि "कळी येते पण गळते" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचं कारण बहुधा ऊन, छाटणी किंवा चुकीच्या खतात सापडतं. दुसरीचं पाण्यात, किडीत किंवा मुळांत. लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि कळी गळणाऱ्या झाडाला फुलं येण्याचं टॉनिक पाजत बसतात.

एक गोष्ट रोगात धरू नका. उमलून गेलेलं फूल झाडावरच राहिलं तर दुसऱ्या दिवशी गुलाबी-जांभळट होतं. ते वय आहे. न उमललेली कळी जांभळी होणं ही खरी तक्रार.

१. तो मोगराच आहे ना?

हसू नका. फूल नसताना पिशवीतलं रोप घेतलं असेल तर ही शंका रास्त आहे, आणि ही तपासणी फुकटात होते.

एक पान तोडा. देठातून पांढरा चीक आला तर ती तगर आहे. डबल तगरीचं फूल पांढरं, भरगच्च असतं आणि दुरून मोगऱ्यासारखं दिसतं, पण मोगऱ्याला चीक नसतो. चीक नाही, पण पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर मऊ लव आहे? मग बहुधा कुंद. त्याच्या पाकळ्या अरुंद आणि टोकदार, वास मंद, आणि बहर थंडीतला. कुंदाकडून मे महिन्यात फुलांची अपेक्षा ठेवली तर दोष झाडाचा नाही.

मोगऱ्याची पानं चकचकीत, बिनकातऱ्याची, एका पेरावर समोरासमोर दोन आणि कधीकधी तीन असतात. मोगऱ्यातही जाती आहेत. साध्या मोगऱ्याला एकेरी पाकळ्या आणि फुलं भरपूर. मदनबाणाच्या कळ्या लांबट, टोकदार. बटमोगरा गुलाबाच्या छोट्या फुलासारखा गच्च, पण हात राखून फुलणारा. शेजारच्या काकूंचा साधा मोगरा रोज वाटीभर फुलं देतो आणि तुमचा बटमोगरा दोन-चारच, तर तुमच्या झाडाला काहीही झालेलं नाही. पुढचं वाचायचीही गरज नाही.

२. ऊन: मे महिन्यातलं मोजा, डिसेंबरातलं नाही

"कळीच नाही" या तक्रारीचं पहिल्या क्रमांकाचं कारण हे. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. भरपूर उजेड म्हणजे ऊन नव्हे. कुंडीजवळ हात धरा, खाली काळी, ठळक कडेची सावली पडली तर ते ऊन. पुसट सावलीत मोगरा जगतो, पानं काढतो, पण फुलत नाही.

गॅलरीत मोगरा ठेवणाऱ्यांची गफलत इथे होते. कुंडीची जागा आपण थंडीत ठरवतो. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन अगदी दारापर्यंत आत येतं. मेच्या मध्यावर मात्र पुण्या-मुंबईत दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. वर दुसऱ्या मजल्याचा स्लॅब असेल तर दुपारचं ऊन गॅलरीत शिरतच नाही, आणि सकाळ-संध्याकाळचा सूर्य पूर्व-पश्चिमेच्याही उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे जिथे जानेवारीत दिवसभर ऊन होतं, तिथे ऐन मोगऱ्याच्या मोसमात ते जवळपास शून्य. माणसं म्हणतात, "जागा तीच आहे, मग यंदा काय झालं?" जागा तीच आहे, सूर्य हलला.

उपाय सोपा. एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला कुंडीवर ऊन आहे का ते बघा आणि तास मोजा. चारपेक्षा कमी भरले तर कुंडी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या कठड्याजवळ, जमलं तर गच्चीवर हलवा. कठड्याबाहेर लटकवू नका, वळवाच्या वाऱ्यात कुंडी खाली गेली तर मोगऱ्यापेक्षा मोठा प्रश्न उभा राहील. सावलीतलं झाड एकदम कडक उन्हातही टाकू नका, पानं करपतात. आठवडाभर सकाळचं ऊन द्या, मग पूर्ण.

हलवल्यावर महिना-सव्वा महिना थांबा. नवा फुटवा येऊन त्यावर कळी धरायला तेवढा वेळ लागतोच. या काळात दुसरं काही करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

३. पाणी: कमी, जास्त आणि कुठलं

बारीक कळ्या सुकून गळत असतील तर इथून सुरुवात करा. पाणी तुटलं की झाड पानं राखतं आणि कळ्या सोडून देतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची आठ-दहा इंची कुंडी सकाळी भरून दिली तरी दुपारपर्यंत कोरडी होते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि ग्रो बॅगा तापतात त्या वेगळ्याच. तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवल्या की मुळं खालूनही भाजतात.

बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओल लागली तर नाही. वरून माती सुकलेली दिसते म्हणून पाणी घालू नका. कुंडी दोन विटांवर ठेवा, मातीवर सुक्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घाला. कडक उन्हात पाणी सकाळी लवकर द्या, गरज पडली तर पुन्हा सूर्य कलल्यावर. आणि दिलं की तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. रोज पेलाभर पाणी वरच्या वर शिंपडणाऱ्यांची मुळं वरच अडकतात आणि पहिल्या गरम दिवशी मार खातात.

कोकोपीट भरलेल्या कुंडीची वेगळी खोड असते. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेने खाली निघून जातं, ताटली भरते आणि आपल्याला वाटतं झाड तृप्त झालं. अशी कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात बसवा. बुडबुडे थांबले की काढा.

ताटलीत पाणी साचू देऊ नका. मुळांना हवा मिळत नाही आणि डासांची सोय होते.

आता पाणी कुठलं, हे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी वाचवून झाडांना घालायची पद्धत घरोघर पडली आहे. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरचं आणि टँकरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी जड असतं. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा थर दिसतो का? तो क्षारांचा. आरओचं ते पाणी लादी पुसायला वापरा. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असतं, ते बिनधास्त घाला. थर जमलेला असेल तर वरची बोटभर माती खरवडून टाका आणि एकदा भरपूर चांगलं पाणी घालून कुंडी धुऊन काढा, म्हणजे क्षार खालून निघून जातात.

४. छाटणी: मोगरा नव्या फुटव्यावरच फुलतो

लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जुन्या फांदीवर कळी येत नाही. जुनी फांदी छाटली, तिथून नवा धुमारा फुटला, की त्या धुमाऱ्याच्या शेंड्याला कळ्या. जो मोगरा कधी छाटलाच नाही तो दर वर्षी उंच होतो आणि दर वर्षी कमी फुलतो. जीव तुटतो म्हणून लोक छाटत नाहीत, आणि मग फुलं नाहीत म्हणून फोन करतात.

मोठी छाटणी थंडीत, नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करत न्यायचं, मग झाड दीड फुटापर्यंत खाली आणायचं. कुंडीत असेल तर फूटभरही चालतं. वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढायच्या, पानं झाडायची, मग खत-पाणी सुरू. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार आणि स्वच्छ हवा. बोथट कात्रीने फांदी चेंगरते आणि तिथून ती मागे वाळत जाते.

ती वेळ गेली असेल तर एप्रिल-मेमध्ये खरड छाटणी करू नका. उघडं खोड उन्हात भाजतं. आता फक्त लांब, बिनकळीच्या फांद्यांचा वरचा एक तृतीयांश भाग काढा. आणि प्रत्येक बहर ओसरला की वाळलेल्या फुलाखालची दोन पेरं कापा. त्याच जागेवरून पुढच्या बहराचे धुमारे येतात.

फुलं खुडणं हासुद्धा उपायच आहे. पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात शेतकरी मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या पहाटे खुडतात आणि माल दादरच्या फुलबाजारात जातो. मोसमभर झाडं रिकामी केली जातात. घरी आपण "झाडावरच छान दिसतात" म्हणून फुलं ठेवतो आणि ती तिथेच तपकिरी होऊन चिकटतात. संध्याकाळी कळ्या काढा, ओल्या फडक्यात ठेवा, रात्री घरात उमलतील.

५. खत: बहुतेक वेळा कमी करायचं असतं

पानं मोठी, गर्द हिरवी, फांद्या वेलीसारख्या आणि कळी नाही, ऊनही पुरेसं आहे. मग नत्र जास्त झालंय. युरिया, दर आठवड्याचं शेणपाणी, वर स्वयंपाकघरातलं कंपोस्ट, असं सगळं एकाच कुंडीत चाललेलं असतं. महिनाभर सगळं बंद करा. हलकी छाटणी करा आणि नुसतं पाणी द्या.

खत द्यायचंच तर छाटणीनंतर दोन-तीन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत खुरपून मिसळा. बहर चालू असताना महिन्याला एक मूठ गांडूळखत पुरे. केळीच्या सालींच्या पाण्याबद्दल मला रोज विचारलं जातं. त्याने नुकसान नाही, पण त्या पाण्याने फुललेला मोगरा मी बघितलेला नाही. साली कंपोस्टात टाका. चुलीची किंवा शेगडीची राख मात्र घालू नका. जड पाण्याने आधीच अल्कधर्मी झालेली माती आणखी अल्कधर्मी होते, आणि मग पुढची तक्रार सुरू होते.

६. पिवळी पानं, हिरव्या शिरा

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह नसतं असं नाही, चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात ते मुळांना घेता येत नाही. बुडाची जुनी पानं सरसकट पिवळी पडून गळत असतील तर ती वेगळी गोष्ट. थोडी गळणं नैसर्गिक, जास्त असतील तर पाणी किंवा नत्र तपासा.

आधी पाणी सुधारा. मग चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या प्रमाणात, किंवा हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ३ ते ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. आधी एकाच फांदीवर करून बघा. कुंडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरा, हिराकसाचे डाग लादीवरून निघत नाहीत. फरक नव्या पानांवर शोधा, जुनं पिवळं पान फारसं हिरवं होत नाही.

७. कीड: कळी उघडून बघा

जांभळी पडलेली कळी नखाने उभी चिरा. हे केल्याशिवाय फवारणीचा विचारही नको.

कळीला बारीक भोक आणि आत हिरवट अळी, विष्ठा असेल तर ती कळी पोखरणारी अळी. एकाच गुच्छातल्या कळ्या जाळीने एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तीही अळीच. कळी बुडाशी फुगलेली, आखूड, जांभळट आणि आत पांढरट, अगदी बारीक अळ्या वळवळत असतील तर कळीमाशी. आत काहीच नसेल तर परत पाण्याकडे जा.

अळी असो वा माशी, पहिला उपाय हातांचा. सगळ्या बाधित कळ्या, झाडावरच्या आणि खाली पडलेल्याही, रोज वेचून पिशवीत बांधून टाका. कंपोस्टात नाही. कळीमाशी कोष मातीत करते, म्हणून वरची दोन इंच माती खुरपून उन्हात तापू द्या किंवा बदला. नुसती फवारणी करणाऱ्यांकडे ती पुन्हा पुन्हा का येते, याचं उत्तर त्या मातीत आहे.

ठिपकेवाल्या पानांसाठी पांढरा कागद घ्या, त्यावर पान झटका. बारीक लालसर ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. तो कोरड्या गरम हवेत वाढतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, दर दोन-तीन दिवसांनी, सकाळी. कळ्या ऐन भरात असतील तर त्यांना फवारा लागू देऊ नका. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या ब्रशने घासा आणि मुंग्यांची वाट तोडा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात.

एवढ्यानेही भागलं नाही तर कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात ते मिसळण्यापुरता पातळ साबण, आठवड्यातून एकदा, सूर्य मावळल्यावर. दुपारी फवारलंत तर पानं तुम्हीच भाजाल.

८. मुळं: सगळ्यात शेवटी

वरचं सगळं जमेस धरूनही झाड मान टाकतंय किंवा वर्षानुवर्षं खुरटलंय, तरच कुंडी उपडी करा. यात मेहनत आहे आणि उन्हाळ्यात धोकाही आहे. शक्य असेल तर पहिला पाऊस पडून हवा थंडावेपर्यंत थांबा.

मुळांचा कुंडीच्या आकाराचा घट्ट गोळा झाला असेल तर बाहेरची मुळं बोटभर कापा, नवी माती भरा, एक आकार मोठी कुंडी द्या आणि फांद्याही तेवढ्याच कमी करा. मुळं काळी, मऊ, कुबट वासाची असतील तर पाण्याचा निचरा बिघडला आहे. कुजलेला भाग कापा, तळाची भोकं मोकळी करा, मातीत जाडसर वाळू मिसळा, आणि झाड वाचेलच असं धरून चालू नका.

मुळांवर गाठी दिसल्या तर थांबा.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशा उपयोगी गाठी मोगऱ्याच्या मुळांवर नसतात. गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, आणि ते घरगुती उपायांनी जात नाहीत. जमिनीलगतचं खोड कुजून त्यावर पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ती बुरशीजन्य मर आहे. दोन्हीत माती आणि मुळांचा नमुना पिशवीत बंद करून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्या. किसान कॉल सेंटरचा टोल फ्री नंबर १८००-१८०-१५५१ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. सोबत पाणी कुठलं, खत काय दिलं आणि लक्षण कधी सुरू झालं हे लिहून न्या.

शेतीची कीटकनाशकं गॅलरीत मारू नका, दुकानदार कितीही खात्रीने बाटली पुढे करो. ही फुलं गजऱ्यात, देवापुढे, पाण्याच्या माठात जातात, आणि शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत असतात. तेवढी वेळ आली तर जाणकार माळी बोलवा, आणि तो काय फवारणार आहे ते बाटली बघून विचारा.

मोगरा गच्चीवरच्या वाफ्यात असेल आणि खालच्या घराच्या छताला ओल दिसत असेल, तर हे काम माळ्याचं नाही. वाफा रिकामा करण्याआधी वॉटरप्रूफिंगवाला आणा.

सूत्रकृमी निघाले तर ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत जाऊ देऊ नका, खुरपीही उकळत्या पाण्याने धुवा. झाड फारच लाडकं असेल तर मुळांपासून लांबच्या, निरोगी, अर्धवट पिकलेल्या फांद्यांच्या वीतभर काड्या पावसाळ्यात नव्या मातीत लावा. चारातल्या दोन धरल्या तरी पुरे.